तिच्या नावावर माझं तोंड

फोटोतलं तोंड माझं होतं. हे पहिलेच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा गोंधळ नको. कार्डावर नाव माझ्या धाकट्या जावेचं, वय तिचं, आधारचे आकडे तिचे, आणि त्या नावावर मशीनमध्ये जो फोटो गेला तो माझ्या तोंडाचा. आजार तिला निघाला. मला काही नाही.

मी हे लिहिते आहे तेव्हा ती बाहेर ओट्यावर पालक निवडत बसली आहे, तोंडाला रुमाल बांधून. मला वाटलं होतं, लिहायला बसले की मला काहीतरी होईल, डोळे भरून येतील. काही होत नाही. पेन चालतो आहे, मी बघते आहे.

शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले. पुढचं वाचणं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले आणि लिहिणं मुलांच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर. म्हणून माझ्या लिहिण्यात बोलणंच जास्त येतं, सांभाळून घ्या. आमचं घर मळ्याचं, बोलताना आम्ही मया म्हणतो. रिठदकडून वाशिमला येताना रस्त्याला लागून विहीर आहे, तिच्या पाण्यावर मेथी, पालक, वांगी आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला दुसरं काही म्हणत नाहीत. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मळा दीर आणि जाऊ बघतात, मी घर बघते, आणि जुड्या बांधायला तिघंही असतो. ती मला बाई म्हणते. मी तिला काहीच म्हणत नाही, नुसतं "अवं" म्हटलं की तिला कळतं.

आता मूळ गोष्ट. आमच्या घरात एकीच्या जागी दुसरी, हे इतकं जुनं आहे की त्याला आम्ही नावच दिलेलं नाही. तिची पाळी आली की तिचा सोमवार मी धरायची. महालक्ष्म्या बसल्या आणि मी तापानं पडले, तर माझ्या वाटची ओटी ती भरायची, माझं नाव घेऊन. निंदायला, खुरपायला बायकांची सावड असते, आज आम्ही त्यांच्या वावरात, उद्या त्या आमच्या मळ्यात. मला जमलं नाही तर माझ्या वाटची ती जाणार. बचत गटाच्या मीटिंगला मी एकटी जायची आणि हजेरीच्या रजिस्टरवर दोन सह्या करून यायची, माझी सरळ आणि तिची जराशी तिरपी, म्हणजे वेगळी दिसावी. गटाच्या अध्यक्षबाईंना ठाऊक होतं. त्या स्वतः सासूची सही करायच्या. काम झालं म्हणजे झालं, कोणाच्या हातानं झालं हे आमच्यात कोणी विचारत नाही. ते विचारायचं असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

होळीच्या आधी गावात तोंड तपासायचं शिबिर लागलं. समाजमंदिरात टेबल, टेबलाशी आमची आशाताई. ती गावचीच सून, मला काकू म्हणते, गावातली बाळंतपणं, लसी, गोळ्या सगळं तिच्याच गळ्यात. तिच्या हातात सरकारी फोन होता आणि फोनला वर एक बारीक लाईट चिमट्यानं लावलेला. मागे फलक, त्यावर मोठ्या अक्षरात कृत्रिम बुद्धिमत्ता असं काहीतरी. कृत्रिम हा शब्द मला गुरांच्या दवाखान्याच्या 'कृत्रिम रेतन' या पाटीवरून माहीत होता.

"काय वं ताई," मी म्हटलं, "गाई-म्हशीचं झालं, आता बायांचंबी कृत्रिम काहाडलं काय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आशाताईपण हसली. म्हणाली, "काकू, डॉक्टर इथं नाई. या फोनात हुशार मशीन हाय. ते तोंडाचा फोटो पायते अन् सांगते कॅन्सरचा डाग हाय का नाई. हिरवं आलं त घरी जा, लाल आलं त वाशिमले."

आमच्या गावात तंबाखू न खाणारी बाई शोधावी लागते. माझी आणि जावेची तर डबी एक. एका टोकाला तंबाखू, दुसऱ्या टोकाला चुना. दुपारी काम संपलं की ती मळायची, अर्धा मला, अर्धा तिला. दोघी डाव्या गालात धरायच्या. शिबिर आमच्यासारख्यांसाठीच होतं.

मी चूळ भरली, बसले, आ केलं. आधी डावा गाल, मग उजवा, मग जीभ वर, मग ओठ उलटून. फोनवर एक गोल चक्र फिरलं आणि हिरवं आलं. आशाताईनं कार्डावर हिरवा ठिपका चिकटवला आणि विचारलं, "धाकट्या काकू कुठी हायेत?"

"मयात. उद्या बाजार हाय, सांभाराच्या जुड्या बांधून राह्यली."

"बलवा ना. आज शेवटचा दिवस हाय. यादी पुरी नाई झाली त मले वरून फोनवर फोन येते."

"तिले याले घंटा लागन. तू तिच्या नावावर मायंच घे."

"असं नाई चालत, काकू."

"काहून नाई चालत? एका डबीतला तंबाखू खातो आमी. तिचं तोंड अन् मायं तोंड काय वेगयं हाय?"

मागच्या बायका पुन्हा हसल्या. आशाताईनं "नाई" आणखी एकदा म्हटलं, हे मी शपथेवर सांगते. मग तिनं यादीकडे पाहिलं. घरचा फोन माझ्या मांडीवर होता, त्यावर जावेच्या नावाचा ओटीपी आला आणि तो मीच वाचून दाखवला. दुसऱ्यांदा चूळ भरली, दुसऱ्यांदा आ केलं. या वेळी मी आधी उजवा गाल दाखवला, मशीनला ओळखू येऊ नये म्हणून. इतकी मी हुशार. पण त्या फोनला चेहरा लागतच नव्हता, त्याला फक्त तोंडाच्या आतलं लागत होतं. हिरवं आलं.

घरी येऊन तिला कार्ड दिलं.

"बाई, मायं काय आलं?"

"हिरवं."

"मले न पायताच?"

"मशीनले समजलं, तू वांग्यावानी चकचकीत हायस म्हणून."

ती हसली. कार्ड तिनं लुगड्यांच्या पेटीत ठेवलं. मग हात धुऊन तंबाखू मळला आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून जुड्या मोजल्या. त्या दिवशीचा तंबाखू जास्त निवांत लागला, हे मला आठवतं. आठवायला नको होतं, पण आठवतं.

मृगाच्या सुमाराला ती जेवताना म्हणाली, "बाई, ठेचा झोंबून राह्यला." मी म्हटलं, चुना जास्त झाला असेल. तिनं चुना कमी केला. पोळ्याला ती नुसत्या वरणाशी भाकरी खात होती. एक दिवस अंगणात उन्हाकडे तोंड करून उभी राहिली, बोटानं गाल ओढला आणि म्हणाली, "पाय बरं." मी पाहिलं. डाव्या गालात, जिथे तंबाखू धरायची तिथेच, नखाएवढा पांढरा चट्टा, कडेनं लाल.

मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "कार्डावर त हिरवं हाय वं."

आणि तिनं मान हलवली. "व्हय, हिरवं त हाय."

हे मला अजून समजत नाही. ते कार्ड कसं आलं हे आम्हाला दोघींना माहीत होतं. त्यावर आम्ही हसलो होतो. पण कार्डावर तिचं नाव छापलेलं होतं, गोल शिक्का होता, हिरवा ठिपका होता. सहा महिने ते पेटीत राहिलं आणि पेटीत राहून खरं झालं. झोंबलं की ती पेटीकडे बघायची. मीही बघायची. माझ्या मनात एकदाही असं आलं नाही की अगं, ते तर तुझं तोंडच नाही. आलं असतं तर मी तिला तेव्हाच हाताला धरून नेलं असतं. नखाएवढंच होतं ते.

दिवाळीनंतर तिच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात. मग दीर तिला वाशिमला घेऊन गेले, तिथे गालाचा तुकडा तपासायला पाठवला, तिथून अकोल्याकडे मोठ्या दवाखान्यात. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी तपासणी झाली होती?" कार्डावरचं तोंड कोणाचं, हे दिरांना माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून ते कार्ड काढून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी करून आणलेलं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू पाहिल्या, कार्डाचा फोटो काढला. "शिबिरात हिरवं आलं होतं?"

मी तिथेच उभी होते, हातात थर्मास घेऊन. जाऊ बाकावर होती. मी काही बोलायच्या आत ती रुमालातून म्हणाली, "मशीननं हिरवं सांगतलं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. मी थर्मासाचं झाकण घट्ट केलं.

डावीकडचा जबडा काढला. मांडीचं कातडं गालाला लावलं. या गोष्टी सगळ्यांना कळतात, मी जास्त लिहीत नाही. तिचं बोलणं बाहेरच्यांना समजत नाही, मला समजतं. ती घरी आली तेव्हापासून मी तंबाखू सोडला. सोडला म्हणजे काही ठरवलं नाही, खावासा वाटला नाही. तेव्हा काहीच खावंसं वाटत नव्हतं. मी उठायची, चूल करायची, तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करायची, मेथी निवडायची. कोणी विचारलं तर, "बरी हाय" म्हणायची. गावात म्हणत होते, मशीन चुकली. मशीननं बाईचा घात केला. मी ते ऐकायची, आणि माझ्याच घरात कोणी तिसऱ्याबद्दल बोलतंय असं वाटायचं.

मग एका सकाळी आशाताई मळ्यात आली. गाडी उभी करून सरळ माझ्याजवळ वाफ्यात बसली.

"काकू, वरून माणसं येऊन राह्यले. त्या मशीनचं विचाराले. धाकट्या काकूंचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं म्हणते. साऱ्या देशाचं धोरण करून राह्यले, त्यात हे घालणार हायेत."

"धोरण म्हणजे काय करणार?"

"म्हणजे कॅन्सरच्या तपासणीत हे मशीन कुठी वापराचं, कसं वापराचं. आपल्या भागात बंदबी करतीन, काय सांगता येते." तिनं मेथीची एक काडी उपटली. "मी काय सांगू त्याईले? मायं काम जाईन, काकू. फोटो घेताना माणूस तोच हाय का हे पायणं मायं काम होतं."

"तू काही सांगू नको."

"अन् तुमी?"

मी तिच्या हातातली काडी घेऊन जुडीत घातली. ती उठून गेली. तेवढंच माझ्यापुढं होतं. सांगायचं की नाही. सांगितलं तर या पोरीचं काम जातं आणि गावात जावेचं, माझं नाव निघतं. नाही सांगितलं तर काही होत नाही, मशीन चुकली एवढंच लिहिलं जातं. मशीनला काय, तिला नवरा नाही, सासर नाही. माझं जवळजवळ ठरलं होतं की गप्प बसायचं.

माणसं दोन आली. एक मॅडम, दिल्लीला असतात पण मराठी बोलणाऱ्या, आणि एक तरुण डॉक्टर पुण्याकडचे. त्याच समाजमंदिरात सतरंजी घातली. पंधरा-वीस बायका होतो. जाऊ आली नाही, तिच्या वतीनं मी आले होते. हेही नेहमीसारखंच, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

मॅडम बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, डॉक्टर कमी आहेत, गावं जास्त आहेत, म्हणून यंत्र आणलं आहे. पण यंत्राचं म्हणणं कोणी तपासायचं, माणसाची परवानगी कशी घ्यायची, आणि ते चुकलं तर जबाबदार कोण, याचे नियम देशात अजून पक्के झालेले नाहीत. ते आम्ही ऑफिसात बसून लिहायचे नाहीत असं ठरवलं आहे. मग त्यांनी छापील कागद वाटले. शेवटचा प्रश्न तोच होता, यंत्र चुकल्यास जबाबदार कोण, आणि पुढे चौकोन. कंपनी. डॉक्टर. आरोग्य कर्मचारी. शासन. मी सगळे चौकोन दोनदा वाचले.

मग डॉक्टरांनी भिंतीवर पडदा लावला. "आता तुमच्याच गावातली केस बघू. नाव दाखवत नाही. हा त्या ताईंचा शिबिरातला फोटो."

भिंतीवर माझं तोंड आलं. दरवाजाएवढं.

मी ते लगेच ओळखलं. वरची डावी दाढ नाही. ती मी मागेच काढून घेतली होती. जावेच्या सगळ्या दाढा तेव्हा शाबूत होत्या, दाण्यांचे लाडू ती कडाकडा खायची. खालच्या ओठाच्या आत एक काळा ठिपका आहे, तो माझा लहानपणापासूनचा.

डॉक्टरांच्या हातात लाल उजेडाची कांडी होती. ती माझ्या गालावरून फिरली. "इथे सगळं नॉर्मल वाटतं. पण नीट पाहिलं तर हा फिकट पट्टा दिसतोय? आम्ही चार जणांनी पाहिला. आजार इथेच सुरू झाला असणार. आपल्या डोळ्याला चटकन दिसत नाही, यंत्रालाही दिसला नाही."

माझी जीभ आतून आपोआप त्या जागेला जाऊन लागली. तिथे काही नव्हतं. गालच होता. मी सगळ्यांसोबत भिंतीकडे बघत होते आणि मला एवढंच वाटलं की पडद्याला मधे एक सुरकुती आहे, ती ओढून घ्यायला पाहिजे.

"आता हा फोटो वाया जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "यंत्राला शिकवायच्या फोटोंमध्ये हा लाल म्हणून टाकायचा आहे. यापुढे असं तोंड दिसलं की यंत्र लाल म्हणेल."

मी विचारलं, "असं तोंड म्हणजे, हे असं, जसं इथं दिसून राह्यलं?"

"हो, आजी."

"कोणाचंबी असलं तरी?"

"कोणाचंही. म्हणजे कुणी सुटायला नको."

मी बायकांकडे पाहिलं. त्या सगळ्यांची तोंडं आतून अशीच असणार. तंबाखूनं काळपट, एखादी दाढ गेलेली, पण चांगली. त्या सगळ्या लाल होऊन वाशिमला जाणार, मळे सोडून. आणि तिचा तो नखाएवढा पांढरा चट्टा कसा दिसतो, हे मशीनला कोणी दाखवलेलंच नाही. ते कुठे नाहीच. ते फक्त मी पाहिलं होतं, अंगणात, उन्हात.

"ते तोंड मायं हाय," मी म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडे वळून मान हलवली. "खरं आहे, आजी. हे आपल्या सगळ्यांचंच दुःख आहे."

"तसं नाई वं बाई. मायंच हाय ते. पाय." आणि मी आ केलं.

मग डॉक्टर आले, खाली गुडघ्यावर बसले, फोनचा उजेड धरला. माझ्या तोंडात पाहायचे, भिंतीकडे पाहायचे, पुन्हा माझ्या तोंडात. "अजून मोठं. ओठ खाली." जबडा दुखेपर्यंत मी तोंड उघडून बसले. मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "खरंच वं, दाढ नाई."

डॉक्टर उभे राहिले. पडदा बंद करायचं त्यांना सुचलं नाही, माझं तोंड भिंतीवर तसंच राहिलं.

"तुम्ही त्यांच्या जागी बसलात? का?"

"बाजार होता," मी म्हटलं. आणखी काही सांगण्यासारखं नव्हतंच.

"हे आधी का नाही सांगितलं?" मॅडमनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी.

"मले कोणी विचारलंच नाई. सारे मशीनलेच विचारून राह्यले होते." मग मी आशाताईकडे बोट केलं, ती दाराजवळ फाईल छातीशी धरून उभी होती. "हिनं नाई म्हटलं होतं. दोनदा. हिच्या मागं यादीचा तगादा होता अन् माया मागं बाजाराचा. मीच बसली. लिहाचं त मायं नाव लिहा, त्या चौकोनात नाई तरी."

मॅडमनी पेन उघडला. "मग काय नियम असावा, आजी? तुम्हीच सांगा."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण त्या लिहायला थांबल्या होत्या. मी म्हटलं, "बाजाराच्या आदल्या दिवशी येऊ नका. ज्या बाया मयात हायेत त्याईच्याजवय मयात जा. तोंड पायल्यावर चेहराबी पाहा. अन् हिरवं आलं म्हणून पुन्हा तपासू नये असं त्या कार्डावर कुठीच लिहू नका. उलटं लिहा. झोंबलं त या, असं लिहा."

त्यांनी सगळं लिहिलं, मी पाहिलं. पुढे ते कुठपर्यंत गेलं, धोरणात आलं की कुठल्या कपाटात राहिलं, मला माहीत नाही. आशाताईचं काम गेलं नाही, एवढं माहीत आहे. तिला लेखी समज मिळाली.

डॉक्टरांनी जाताना माझा गाल पुन्हा एकदा पाहिला. तो फिकट पट्टा शोधत होते. "काही नाही," म्हणाले. "चावल्याचा असेल. पण सहा महिन्यांनी दाखवा." मग त्यांनी एक कागद लिहून आणला. शिबिरातला फोटो माझा होता आणि तो जावेच्या नावावरून काढावा, असं त्यात होतं. खाली दोन सह्यांच्या जागा. एक माझी, एक तिची.

मी माझी सही केली. मग त्याच ओघात, आता हे लिहितानाही मला ते दिसतं, मी पेन जरासा वाकडा धरला आणि म्हटलं, "आण, तिचीबी करतो."

माझा हात कागदावर होता, पेनाचं टोक टेकलेलं, शाईचा एक ठिपका उमटलेला. आशाताईनं पुढं येऊन कागद माझ्या हाताखालून हळूच काढून घेतला. "राहू द्या, काकू," म्हणाली. "घरी जाऊन घेऊ."

जाऊ ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. आशाताई उभी राहिली. मी सरळ सांगितलं, "मी सांगतलं त्याईले. तोंड मायं होतं म्हणून."

तिनं रुमाल नीट केला. तिचं बोलणं अर्ध्यात अडकतं, मी इथे सरळ करून लिहिते. "कायले सांगतलं?"

"मायं तोंड मशीनले शिकवाले घेऊन राह्यले होते. लाल म्हणून."

तिनं हातातली काडी निवडून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मी त मशीनवर ढकललं होतं. दवाखान्यातच. तुयं नाव याले नको म्हणून."

मला भिंत आठवली, तिथली, ज्या भिंतीकडे ती तेव्हा बघत होती. मला वाटलं होतं, ती विसरली. काही महिने मी त्यावरच जगले होते, की ती विसरली.

"अन् मायं?" तिनं विचारलं. "मायं तोंड हाय का त्याईच्याजवय?"

"नाई. तुयं कुठीच नाई."

तिनं मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवतात तशी. मग आशाताईकडे हात केला. आशाताईनं कागद तिच्यापुढे, मेथीच्या काड्या सारून, फरशीवर ठेवला आणि कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं. शाईच्या ठिपक्यावर तिचं बोट क्षणभर थांबलं. तिनं हात पदराला पुसले आणि पेन घेतला.

तिला लिहिता येतं. सातवी झालेली आहे ती, माझ्यापेक्षा जास्त. पण इतक्या वर्षांत तिनं सही करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण जिथे सही लागायची तिथे मी असायची. गटाच्या रजिस्टरवर पानं भरभरून तिच्या नावाची तिरपी सही आहे आणि ती सगळी माझी आहे.

तिनं वेळ लावला. अक्षर मोठं आलं आणि अगदी सरळ. माझ्याहून सरळ.

आशाताईनं कागद उन्हात धरून वाळवला आणि फाईलमध्ये घातला. मी उरलेली मेथी माझ्याकडे ओढली. जाऊ म्हणाली, अर्धी इकडं दे. मी अर्धी दिली.